नवी प्रणाली बसवली, पण संगणक सुरूच होईना!

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नियमित आधार थांबवला. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा लागत असल्याने घरोघरचे अनेक जुने संगणक अपात्र ठरतात. अशा संगणकावर लिनक्स बसवणे हा बिनखर्चाचा पर्याय आहे. मात्र सारे सुरळीत पार पडूनही संगणक पुन्हा सुरू करताच काळ्या पडद्यावर 'ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड' ही ओळ उमटते आणि हार्ड डिस्क गेली, असा समज होतो. नवी डिस्क घेण्यापूर्वी दोष कोठे असू शकतो, हे जाणून घेणे हिताचे.

बटण दाबल्यावर प्रथम काम सुरू करतो तो मदरबोर्डवरील बायोस. तो डिस्कचा पहिला, अवघ्या ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो. त्यातील छोटा प्रोग्राम पुढच्या प्रणालीला पाचारण करतो. हा प्रोग्राम जागेवर नसेल, तर बाकी सर्व फाइल्स शाबूत असूनही संगणक अडतो. यूईएफआय या नव्या पद्धतीत मात्र डिस्कवरील एका स्वतंत्र विभागातील फाइल शोधली जाते. संक्रमणकाळातील अनेक संगणकांत दोन्ही पद्धती आढळतात आणि घोटाळा होतो तो येथेच. पेन ड्राइव्ह यूईएफआयने सुरू होतो, प्रणालीही त्याच पद्धतीने बसते. मदरबोर्ड मात्र डिस्ककडे जुन्या 'लेगसी' पद्धतीनेच पाहतो.

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ कळ दाबून (कंपनीनुसार कळ बदलते) सेटअप उघडावा. प्रणाली ज्या पद्धतीने बसवली तीच तेथे निवडावी व बूट क्रमात हार्ड डिस्क प्रथम ठेवावी. पेन ड्राइव्ह लावलेला असतानाच संगणक सुरू होत असेल, तर लिनक्सचा 'ग्रब' हा बूट प्रोग्राम चुकून पेन ड्राइव्हवरच गेला असण्याची शक्यता मोठी. तो डिस्कवर पुन्हा बसवता येतो. त्यासाठी सरसकट फॉरमॅटचा आग्रह धरणाऱ्या दुकानदाराचे ऐकण्याचे कारण नाही. त्याआधी फाइल्सची प्रत काढून ठेवावी, हे ओघाने आलेच.

सेटअपमधील बदल टिकत नसतील आणि घड्याळही दरवेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपलेला असतो. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ या क्रमांकाचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो.