हे कोणी सांगितले?
रिद्धपूरची पोथी आणि शाळेचे कपाट

ग्रंथालयात संदर्भ कसा शोधायचा हे मुलांना शिकवताना आपण बहुधा दूरचे उदाहरण घेतो. न्यूटन घेतो, नाही तर पॅरिस घेतो. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव या कामाला अधिक सोयीचे आहे, असे आम्हाला वाटते. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, लीळाचरित्र, येथे तयार झाला. तो जमवला कसा, हरवला कसा, पुन्हा उभा कसा राहिला आणि मग कित्येक शतके बाहेरच्या कुणाला वाचता का आला नाही, ही हकीकत म्हणजे संदर्भ शोधण्याच्या कामाचीच हकीकत आहे.

तेराव्या शतकाच्या सत्तरीत महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी आपल्या अनुयायांतून निघून गेले. अनुयायी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात गोळा झाले. नागदेवाचार्य त्यांचे प्रमुख होते. त्यांच्यापैकी म्हाइंभट हा सराळे गावचा विद्वान, वादविवादात मुरलेला. स्वामींच्या आठवणी लोकांबरोबर संपून जातील, तेव्हा त्या आताच लिहून ठेवाव्यात, असे त्याने ठरवले. रिद्धपूरच्या वाजेश्वरी या ठिकाणी बसून त्याने नागदेवाचार्यांकडून आठवणी काढून घेतल्या, असे परंपरा सांगते. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. जो प्रसंग ज्याच्या समोर घडला, त्याला शोधत तो गावोगाव फिरला. सांगणाऱ्यांत पंडित होते तसे साधे संसारी लोकही होते आणि स्त्रिया पुष्कळ होत्या. जमवलेले त्याने नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले.

आज आपण मुलाखत, साक्ष, पडताळणी असे शब्द वापरतो. हे शब्द त्याच्याजवळ नव्हते, काम मात्र तेच होते. आणि लक्षात घ्या, ही माणसे श्रद्धावान होती. ज्याला ते ईश्वर मानत त्याच्याविषयी लिहीत होते. अशा वेळी ऐकले ते सगळे खरे मानून गोड करून लिहिण्याचा मोह केवढा मोठा! त्याऐवजी ‘हे पाहिले कोणी, आठवते कोणाला’ याची चौकशी झाली. गावांची नावे, माणसांची नावे, काय खाल्ले, कुठे उतरले, कोण रागावले, हे सगळे बारकाव्यांसह आले. म्हणूनच यादवकाळातल्या साध्या जीवनाविषयी काही जाणून घ्यायचे तर इतिहासकारांना आजही या ग्रंथाकडे यावे लागते.

पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. आता काय करायचे? ज्यांनी ती वाचली होती, पाठ केली होती, त्यांच्याकडून ती परत मिळवायची. हिराइसा नावाच्या स्त्रीला ती मोठ्या प्रमाणात मुखोद्गत होती, आणि तिच्या स्मरणातून उतरलेला पाठ पंथात तिच्याच नावाने ओळखला जातो. इतरांच्या स्मरणातूनही पाठ तयार झाले. ते सगळे तंतोतंत जुळेनात. जुळत नाही तिथे एक ठेवून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. महानुभाव लेखकांनी बऱ्याच ठिकाणी वेगळा पाठही नोंदून ठेवला. अशा पाठाला त्यांच्याकडे ‘वासना’ म्हणतात. आमच्या मते या सगळ्या हकीकतीत वर्गात सांगण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

केसोबास या दुसऱ्या विद्वानाने वेगळे काम केले. लीळाचरित्रात प्रसंगाप्रसंगाने विखुरलेली चक्रधरांची वचने त्याने वेचून काढली आणि विषयवार लावली. तो सूत्रपाठ. स्वामींनी सांगितलेले 114 दृष्टांत वेगळे काढून प्रत्येकाला सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी मांडणी दिली. तो दृष्टांतपाठ. मोठ्या ग्रंथातून हवे ते पटकन सापडावे म्हणून केलेली ही सोय नव्हे तर काय? (हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांचा दृष्टांतही या 114 मध्ये आहे. एकाच विषयावर चार पुस्तके वाचायला देताना तो जरूर सांगावा.) नागदेवाचार्यांचा आग्रह असा की लिहायचे ते मराठीत, कारण संस्कृतात लिहिले तर पंथातल्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. पुस्तक कोणासाठी, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विचारला गेल्याचे उदाहरण त्या काळात विरळाच.

आणि तरीही पुढे याच पंथाने आपल्या पोथ्या कुलूपबंद केल्या. कुलूप लाकडाचे वा लोखंडाचे नव्हते, अक्षरांचे होते. रवळोबासाने सकळ लिपी तयार केली. तिच्यात एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह येते. सुंदरी लिपीसारख्या इतरही सांकेतिक लिप्या झाल्या. ग्रंथाचे पावित्र्य राहावे, परक्यांनी त्यात ढवळाढवळ करू नये, हा हेतू. तो काही अंशी साधलाही, कारण पोथ्या टिकल्या. पण किंमतही मोठी पडली. बाहेरच्या लोकांना हे लोक काय मानतात ते कळेना. न कळण्यातून गैरसमज, त्यातून द्वेष. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनाही तेराव्या शतकात एवढे समृद्ध गद्य होते याचा पत्ता नव्हता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. मग महंतांनीही हळूहळू पोथ्या दाखवल्या. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी हे वाङ्मय उजेडात आणले. नेन्यांनी 1936 पासून लीळाचरित्राचे भाग छापले. वि. भि. कोलत्यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली प्रत राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने 1978 साली काढली. 2024 साली रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले.

युरोपात मध्ययुगात पुस्तके साखळीने फळीला बांधत. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या चर्चमध्ये ती साखळ्यांसकट अजून पाहायला मिळतात. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हे त्यांतले पहिले, आणि ते समजावताना त्यांनी या साखळ्यांचीच आठवण दिली. आपल्या पुष्कळ शाळांत साखळी नाही, लिपी नाही, पण कपाटाची किल्ली असते. पुस्तक हरवले तर भरून कोण देणार, या भीतीने ती खिशातच राहते. भीती खोटी नाही. पण रिद्धपूरची पोथी हरवूनही परत आली, ती अनेकांनी वाचलेली होती म्हणून.

कपाट उघडल्यावर काय करायचे? नववीच्या वर्गाला एवढेच विचारा, ‘रिद्धपूरविषयी माहिती काढा.’ पहिली अडचण नावापाशी येईल. रिद्धपूर, ऋद्धिपूर, रितपूर, आणि महानुभाव ग्रंथांत परमेश्वरपूरही. विश्वकोशात ‘र’ पाहणारा मुलगा शेवटाकडचे खंड काढील, ‘ऋ’ पाहणारा सुरुवातीचे, आणि खरी माहिती ‘महानुभाव पंथ’ या नोंदीत मिळेल. शब्द बदलून पाहायचा असतो, हे इथे आपोआप कळते.

दुसरी अडचण सालाची. लीळाचरित्र शके 1200 चे असे एका पुस्तकात सापडेल, 1278 असे दुसऱ्यात. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे भांडण मिटले. पण पुरते नाही. शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे त्याचे शेवटचे काही महिने 1279 मध्ये जातात. शिवाय काही अभ्यासक ग्रंथ काही वर्षे नंतरचा मानतात. मुलांनी मग आपल्या वहीत एकच साल लिहू नये. दोन्ही लिहावीत आणि प्रत्येकापुढे पुस्तकाचे नाव व पान टिपावे. एक वासना ही, दुसरी वासना ती!

तिसरी गंमत फळीची. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक 891.46, धर्माचा 200 च्या घरात, भारताच्या इतिहासाचा 954. लीळाचरित्र कुठे ठेवाल? पुस्तक एकाच जागी राहू शकते, सूचीतली कार्डे मात्र तीन करता येतात. मुलांनाच ती करायला लावावीत. जाड कागदाचे तुकडे पुरतात.

हे झाले की उरलेल्या तासिकांत म्हाइंभटाचे काम. गावातली जुनी विहीर, बंद पडलेला जिन, 1972 चा दुष्काळ, यांपैकी एक विषय घ्यावा. पाहिलेल्या माणसाकडे जावे आणि लिहून आणावे. कोणी सांगितले, त्यांनी स्वतः पाहिले की ऐकले, कोणत्या तारखेला सांगितले, हे वर टिपावे. दोघांचे जुळले नाही तर दोन्ही ठेवावे. जमलेले कागद शिवून, दाखलखात्यात क्रमांक घालून, कपाटात इतर पुस्तकांशेजारी लावावेत. पुढच्या वर्षीच्या नववीला ते लागतील.