बंडाचा संकेत आणि संकेताविरुद्धचे बंड

कलेतील बंडाचे मूल्यमापन करताना समीक्षेपुढे एक अडचण हमखास उभी राहते. बंड यशस्वी झाले की त्याचाच संकेत बनतो. मराठी वाचकाला हे लघुनियतकालिकांच्या इतिहासातून परिचित आहे. १९५४मध्ये निघालेल्या 'शब्द'चे चक्रमुद्रित, ओबडधोबड रूप प्रस्थापित नियतकालिकांना नकार देणारे होते. पुढे तोच ओबडधोबडपणा बंडखोरीची ओळखखूण म्हणून मिरवता येऊ लागला. पंक संगीतात ही प्रक्रिया अवघ्या दोन वर्षांत घडली, म्हणून ती अधिक ठळक दिसते.

'सेक्स पिस्टल्स' या लंडनच्या बँडची पहिली तबकडी नोव्हेंबर १९७६मध्ये निघाली. मोजके कॉर्ड, वेगवान ठेका, ओरडून म्हटलेले शब्द आणि वादनकौशल्याविषयीची तुच्छता ही पंकची लक्षणे होत. लांबलचक वादनात आणि भव्य रंगमंचात अडकलेल्या रॉक संगीताला दिलेला तो नकार होता. जानेवारी १९७८मध्ये हा बँड फुटला, तोवर त्या नकाराचाही गणवेश ठरून गेला होता.

पंकशी इमान राखायचे तर पंकचे नियम मोडणे भाग आहे, हे ज्यांनी ओळखले ते बँड येथे महत्त्वाचे. 'वायर'ने १९७७च्या पहिल्या संग्रहात सुमारे पस्तीस मिनिटांत एकवीस गाणी बसवून पंकचा संक्षेप टोकाला नेला. १९७९पर्यंत त्यांचे संगीत संथ आणि सिंथेसायझरच्या ध्वनींनी भारलेले झाले. 'पिस्टल्स'च्याच गायकाने स्थापलेल्या 'पब्लिक इमेज लिमिटेड'ने १९७९मध्ये जमैकन डबचा खोल बास पुढे आणला आणि तीन तबकड्या धातूच्या गोल डब्यात घालून विकल्या. 'स्क्रिटी पोलिटी'ने १९७८च्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर निर्मितीचा खर्चच छापला. १९८२च्या त्यांच्या संग्रहात तर जाक देरिदा एका गाण्याचे शीर्षक बनला. संहितेप्रमाणेच तिचे उत्पादनही येथे वाचनाचा विषय झाले.

मुंबईत हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. पंकमधूनच निघालेल्या हार्डकोअर शैलीने रोषाबरोबर करारी गांभीर्याचाही संकेत रूढ केला होता. मुंबईच्या 'स्क्राइब' या बँडने तो विनोदाने मोडला. 'मार्क ऑफ तेजा' (२०१०) आणि 'हेल मोगॅम्बो' (२०१४) ही त्यांच्या संग्रहांची नावे हिंदी चित्रपटांतील खलनायकांवरून घेतलेली आहेत. कर्कश गिटारीशेजारी हा बाजारू, लाडका संदर्भ आला की आयात शैलीचे गांभीर्य संशयास्पद ठरते आणि श्रोत्याला हसत हसत स्वतःच्या सांस्कृतिक स्मृतीकडे वळावे लागते.

अशा निर्मितीपुढे 'अनुकरण' आणि 'देशीयता' ही आपली दोन नेहमीची मापे अपुरी पडतात. पहिले लंडनशी साम्य मोजते, दुसरे मातीशी. संकेताशी कलावंताने मांडलेला झगडा दोन्ही मोजत नाहीत. उद्या सानपाड्यात एखादा बँड उभा राहिला तर त्याचे कूळ विचारण्याआधी त्याने कोणता नियम मोडला आणि तो मोडण्याची गरज त्याला का भासली, हे विचारावे लागेल. नपेक्षा बंडाचा वेश आणि बंड यांतील फरक समीक्षेला कधीच सांगता येणार नाही.