कुष्ठरोगाच्या निदानात रक्तपरीक्षेचे स्थान

कोल्हापूरच्या शेंडा पार्कातील कुष्ठधाम शहरवासीयांना परिचित आहे. अशा संस्थेच्या नोंदवहीत नाव चढणे म्हणजे घर, सोयरीक आणि पंक्तीतील पान या तिन्हींना मुकणे, असा दीर्घकाळ अर्थ होता. ब्रिटिश मुलखात तर 1898 च्या कायद्याने भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यास पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. तो कायदा 2016 साली रद्द झाला. सबब या रोगात निदानाची चूक ही केवळ वैद्यकीय चूक राहत नाही. रक्ताच्या थेंबावरून हे निदान करता येईल काय, या प्रश्नाचा इतिहास म्हणूनच अभ्यासण्याजोगा आहे.

शेजारच्या साताऱ्यास 1863 पासून काही वर्षे सिव्हिल सर्जन असलेला हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हा या रोगाचा साक्षेपी अभ्यासक होता. त्याने नॉर्वेतील कुष्ठाश्रमांची पाहणी करून 1874 साली अहवाल प्रसिद्ध केला. नॉर्वेतच, बर्गेन येथे, 1873 साली आर्मावर हान्सेनने रोगाचा जंतू शोधून काढला होता. जंतू सापडला, परंतु काचेच्या नळीत तो वाढेना. कृत्रिम माध्यमावर तो आजतागायत वाढविता आलेला नाही. रक्तातील प्रतिपिंड ओळखावयाचे तर प्रतिजन हवे, आणि प्रतिजनासाठी जंतूंचा साठा हवा. येथेच घोडे अडले. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958 च्या सुमारास रोग्याच्या गाठीतून एक दंडाणू वाढविला. ‘आयसीआरसी दंडाणू’ या नावाने ओळखला गेलेला हा दंडाणू पुढे लसीसाठी उपयोगात आला. तथापि तो हान्सेनचा जंतू नव्हे.

दरम्यान रक्तपरीक्षेने कुष्ठरोग्यांवर एक निराळेच संकट आणले होते. उपदंशाच्या निदानासाठी 1906 साली वासरमनची परीक्षा निघाली. ती अनेक कुष्ठरोग्यांत, विशेषतः गाठींच्या प्रकारात, उपदंश नसतानाही होकारार्थी येऊ लागली. आधीच वाळीत पडलेल्या माणसावर हा दुसरा कलंक! रक्तात प्रतिपिंड खरोखरच होते. ते कोठून आले, एवढेच परीक्षकास उमगत नव्हते.

जंतूंची टंचाई अनपेक्षित दिशेने दूर झाली. किर्चहायमर व स्टॉर्स यांनी 1971 साली आर्मडिलो या अमेरिकन प्राण्यात रोग उत्पन्न करून दाखविला. त्याच्या यकृतातून जंतू विपुल मिळू लागले आणि 1981 साली अमेरिकेत हंटर व ब्रेनन यांनी त्यांतून ‘फेनॉलिक ग्लायकोलिपिड-1’ हा पदार्थ वेगळा केला. त्यातील तीन शर्करांची साखळी या जंतूचे खास वैशिष्ट्य असल्याने तिच्याविरुद्धचे प्रतिपिंड मोजणे शक्य झाले. पुढे काही मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्याही निघाल्या.

येथवर हकीगत यशाची वाटते. परंतु हा रोग द्विमुखी आहे. एका टोकाच्या रोग्यात पेशींची प्रतिकारशक्ती प्रबळ, जंतू अत्यल्प आणि प्रतिपिंडही अल्प; दुसऱ्या टोकाला पेशी हतबल, जंतू असंख्य आणि प्रतिपिंड विपुल, मात्र संरक्षणाच्या दृष्टीने निरुपयोगी. परिणामी ज्याच्या कानाच्या पाळीला चीर देऊन काढलेल्या द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतातच, त्याच्या बाबतीत परीक्षा बहुधा होकार देते. आणि एकच फिकट चट्टा असलेल्या, डॉक्टरला खरोखर कोड्यात टाकणाऱ्या रोग्याच्या बाबतीत ती बहुधा मुकी राहते. शिवाय रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशात काही निरोगी माणसांच्या रक्तातही हे प्रतिपिंड आढळतात, आणि त्यांपैकी बहुतेकांना रोग कधीच होत नाही. घरोघर रक्त तपासून याद्या केल्या असत्या, तर त्यांत अशा किती निरपराधांची नावे चढली असती, याचा विचार करावा.

वर्ध्यास 1951 साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने, डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली, घरोघर जाऊन अंग तपासण्याची, लोकशिक्षणाची आणि उपचाराची पद्धती रूढ केली. ती कष्टाची होती, पण कमी जंतूंचा रोगी तिच्यातूनच सापडे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 च्या मार्गदर्शिकेत निदानासाठी रक्तपरीक्षेची शिफारस केली नाही. रोग्याच्या निकटवर्तीयांपैकी कोणावर अधिक लक्ष ठेवावे हे ठरविण्यास मात्र ती साहाय्यक ठरते; ब्राझीलने तिचा असा उपयोग स्वीकारला आहे.

भारताने 2005 च्या अखेरीस दहा हजारांत एकाहून कमी रोगी हे उद्दिष्ट गाठले. तरीही त्यानंतर जगातील नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक भारतातच आढळत आले आहेत, आणि त्यांचे निदान बधिर चट्टा, जाड झालेला मज्जातंतू किंवा त्वचेच्या द्रवातील जंतू यांपैकी एखाद्या लक्षणावरूनच केले जाते.