‘एल गोर्डो’ : वाकलेल्या प्रकाशाने तोललेला दीर्घिकासमूह

दक्षिण आकाशातील फिनिक्स तारकासमूहाच्या दिशेला शेकडो दीर्घिकांचा एक प्रचंड समूह आहे. तेथून निघालेला प्रकाश सात अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करून पृथ्वीवर पोहोचतो. चिलीतील अटाकामा वाळवंटातील दुर्बिणीने शोधलेल्या या समूहाची माहिती २०१२ मध्ये जाहीर झाली. त्याच्या आकारमानामुळे त्याला ‘एल गोर्डो’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘लठ्ठ’, असे नाव मिळाले. वस्तुतः हे दोन समूह असून त्यांची परस्परांशी टक्कर झाली आहे.

एवढ्या दूरच्या समूहाचे वस्तुमान मोजण्यास गुरुत्वीय भिंगाचा उपयोग होतो. आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाश वाकतो. पेल्याच्या जाड बुडातून पाहिल्यास दिव्याची ज्योत ताणलेली दिसते, त्याचप्रमाणे समूहामागील दीर्घिकांच्या प्रतिमा कमानीसारख्या ताणल्या जातात व उजळतात. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली, गळासारखी वाकलेली ‘एल आन्झुएलो’ ही अशीच एक दीर्घिका. तिचा प्रकाश १०.६ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला आहे. प्रतिमा किती ताणल्या गेल्या, यावरून न दिसणाऱ्या कृष्णद्रव्यासह समूहाचे एकूण वस्तुमान काढता येते.

या अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. नारायणगावजवळील खोडद येथील ‘जीएमआरटी’ या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीने ६१० मेगाहर्ट्झवर केलेली निरीक्षणे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वापरली गेली. टकरीतून उठलेल्या आघातलहरीचा वेग सेकंदाला सुमारे २,५०० किलोमीटर असल्याचे त्यातून दिसले. ठाण्यातील कोलशेत आणि खोडद जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. दोन्ही ठिकाणांहून आकाशाचा हा भाग नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री दक्षिण क्षितिजापासून जेमतेम २१ ते २२ अंश वर येतो. समूह मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

एल गोर्डोचे वस्तुमान इतके महत्त्वाचे ठरण्याचे कारण विश्वाच्या वयात आहे. आपल्याला दिसतो तो समूह विश्वाचे वय आजच्या निम्म्याहूनही कमी असतानाचा. इतक्या अल्प काळात एवढे द्रव्य एकत्र येणे प्रचलित सिद्धांताला अवघड वाटते. हबल दुर्बिणीच्या साहाय्याने २०१४ मध्ये त्याचे वस्तुमान सुमारे ३० लाख अब्ज सूर्यांइतके ठरले होते. २०२१ मधील अधिक विस्तृत मोजणीत ते सुमारे २१ लाख अब्जांवर आले. त्यामुळे सिद्धांतावरील ताण सैल झाला, परंतु वाद पूर्णपणे मिटलेला नाही.