महाभियोगाची संहिता आणि तिच्यातील मौन : अँड्र्यू जॉन्सन, १८६७-६८

अमेरिकेच्या राज्यघटनेतील ‘गंभीर गुन्हे व दुर्वर्तन’ या पदबंधाचा एक धागा भारतापर्यंत पोहोचतो. १७८७च्या घटना-परिषदेत महाभियोगाच्या कारणांची व्याप्ती वाढविण्याचा आग्रह धरताना जॉर्ज मेसन यांनी वॉरन हेस्टिंग्जचे उदाहरण दिले होते. पदबंधाचा अर्थ मात्र संदिग्धच राहिला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या १८६७मधील चौकशीत तोच कळीचा मुद्दा ठरला.

यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या नागरी हक्कांना जॉन्सन यांनी विरोध केला; रिपब्लिकन बहुमताचा रोष त्यातून उद्भवला. प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीने ५ विरुद्ध ४ मतांनी महाभियोगाची शिफारस केली. सत्तेचा गैरवापर पुरेसा आहे, असे बहुमताचे वाचन. कायद्याने शिक्षापात्र गुन्हाच हवा, असे अल्पमताचे. डिसेंबरमध्ये गृहाने ही शिफारस १०८ विरुद्ध ५७ मतांनी फेटाळली.

फेब्रुवारी १८६८मध्ये जॉन्सन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना पदच्युत केले आणि पदावधी कायद्याचा भंग हे कारण विरोधकांच्या हाती आले. अकरापैकी बहुतेक आरोप त्याभोवतीच रचले गेले. सिनेटमध्ये ३५ सदस्यांनी दोषी, तर १९ जणांनी निर्दोष ठरविले. आवश्यक दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडले.

पक्षीय संघर्षाने कायद्याची भाषा स्वीकारली खरी. परंतु ज्यांच्या हक्कांवरून तो पेटला, त्या माणसांना आरोपपत्रात जवळजवळ स्थान उरले नाही. पाचच वर्षांनी, १८७३मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या अमेरिकन सज्जनांना अर्पण केला. महाभियोगाच्या संहितेने जो प्रश्न बाजूस सारला, तो त्या अर्पणपत्रिकेने केंद्रस्थानी ठेवला.