पहिला क्रमांक कोणाचा? शिफारशीचा बाजार आणि छोटा दुकानदार



मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणाशी थांबलो होतो. म्हणजे, दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला जे कळतं त्याला ज्ञान म्हणायचं की नाही, हा प्रश्न. आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं की, सर, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराला दुकानाच्या वेबसाईटशी काय देणंघेणं? सांगतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. एम. ए. झाली, नोकरी काही मिळाली नाही, मग सासरचा पुस्तकबांधणीचा धंदा तिनं हातात घेतला. नारायण पेठेत दोन खोल्या आणि तीन कारागीर. जुनी पुस्तकं, पोथ्या दुरुस्त करून बांधून देतात, शिवाय हातबांधणीच्या वह्या विकतात. पुतण्यानं वेबसाईट करून दिली होती, पण तिच्यावरून गिऱ्हाईक येईना. अशात एका कंपनीचा फोन आला. महिना 12,000 रुपये, तीन महिन्यांत गूगलवर पहिला क्रमांक, गॅरंटी. या कामाला एसईओ म्हणतात, सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. हिनं आठ महिने पैसे भरले. मग एका संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘सर, हा माणूस खोटं बोलतोय का?’’

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. खोटं बोलायला आधी खरं ठाऊक असावं लागतं, आणि या माणसाला ते ठाऊक होतं का, हेच मला कळेना. म्हणून मी या पहिल्या क्रमांकाचा इतिहास वाचायला बसलो. त्यातलं थोडं आज सांगतो.

सुरुवातीला क्रम म्हणजे बाराखडी होती. 1994 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी वेबसाईटींची एक यादी सुरू केली, तीच पुढे याहू झाली. माणसं बसून साईट पाहायची आणि योग्य त्या सदरात घालायची. सदराच्या आत नावं अक्षरक्रमानं. अमेरिकेत टेलिफोनच्या यलो पेजेसमध्ये वर येण्यासाठी प्लंबर आणि कुलूपवाले दुकानाच्या नावाआधी दोनतीन ‘ए’ लावायचे, तीच युक्ती इथं आली. त्या क्रमाला काही अर्थ नव्हता, पण किंमत मात्र होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाठोपाठ 1995 च्या अखेरीस अल्टाव्हिस्टा आलं. हे यंत्र पानंच्या पानं स्वतः वाचायचं आणि शब्द जुळवायचं. ते दुकानदाराच्याच शब्दावर विसंबणार, हे लोकांनी लगेच ओळखलं. मग पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द दोनशे वेळा लिहायचा! वाचणाऱ्याला काही दिसत नाही, यंत्राला सगळं दिसतं. एसईओचा धंदा उभा राहिला तो या काळात. स्वतःच स्वतःचं प्रशस्तिपत्र लिहिण्याची ही कला, आणि विद्यापीठात आयुष्य काढलेल्या माणसाला ती काही अपरिचित नाही. (हशा)

1998 मध्ये त्याच स्टॅनफर्डमधल्या सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी वेगळा विचार मांडला. पान स्वतःबद्दल काय म्हणतं ते राहू द्या, इतर पानं त्याच्याकडे बोट दाखवतात का ते बघा. ही कल्पना ग्रंथालयशास्त्रातली. युजीन गारफील्ड यांनी 1955 साली सुचवलं होतं की कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला, याची सूची करावी. 1964 पासून ती सायन्स सायटेशन इंडेक्स म्हणून निघू लागली. ब्रिन आणि पेज यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. शिफारस करणाऱ्याला स्वतःला किती शिफारशी आहेत, तेही मोजायचं. आणि त्यानं दहा जणांची शिफारस केली तर त्याचं वजन दहा जणांत वाटलं जाणार. मी एका वर्षी चाळीस मुलांना एकच शिफारसपत्र नावं बदलून दिलं होतं. या हिशेबानं त्याचं वजन किती, ते तुम्हीच काढा.

आता आपल्या नैयायिकांकडे या. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण तो आप्ताचा शब्द हवा. आप्त कोण? वात्स्यायन आपल्या भाष्यात दोन गोष्टी मागतो. त्यानं ती वस्तू स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याच्या इच्छेनं तो बोलत असावा. जात, दर्जा यांची अट नाही. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखंच लागू पडतं, असं तो स्पष्ट म्हणतो. लिंक ही अशीच एक साक्ष आहे. पण यंत्राला साक्ष मोजता येते, साक्षीदाराचा हेतू दिसत नाही. दोन अटींपैकी दुसरी अट त्याच्या हातातून निसटते, आणि नेमक्या त्या फटीत पुढचा सगळा बाजार बसला.

बाजार बसायला भाव लागतो. तो गूगलनंच दिला. डिसेंबर 2000 मध्ये त्यांनी एक टूलबार काढला. त्यात कुठल्याही पानाचा पेजरँक शून्य ते दहा अशा हिरव्या पट्टीत दिसायचा. झालं! आठच्या पानावरची लिंक महाग, तीनच्या पानावरची स्वस्त. मापाला नाणं केलं की लोक मापच घडवू लागतात. ओक्लाहोमातल्या सर्च किंग नावाच्या कंपनीनं 2002 मध्ये वरच्या पेजरँकच्या साईटींवर जागा विकून देण्याचा उद्योग सुरू केला. थोड्याच दिवसांत तिचा स्वतःचा पेजरँक आठवरून चारवर आला. तिनं गूगलवर खटला भरला.

या खटल्यापाशी मला थांबायचं आहे. 1998 च्या निबंधात ब्रिन आणि पेज यांनी पेजरँकला वस्तुनिष्ठ माप म्हटलं होतं. 2003 साली कोर्टात गूगलचं म्हणणं काय? की पेजरँक हे आमचं मत आहे, आणि मत मांडण्याचं स्वातंत्र्य अमेरिकेच्या राज्यघटनेनं आम्हाला दिलं आहे. न्यायालयानं ते मान्य केलं आणि खटला काढून टाकला. म्हणजे पाच वर्षांत माप हे मत झालं. मी याला लबाडी म्हणत नाही. दोन्ही एका अर्थी खरी आहेत, कारण गणित वस्तुनिष्ठ आणि कशाचं गणित करायचं हा निर्णय आपला. पण आमच्या पुस्तकबांधणीवालीच्या बाजूनं याचा अर्थ काय होतो बघा. पहिला क्रमांक हे दुसऱ्या कोणाचं तरी मत आहे, आणि ते उद्या बदललं तर तिला दाद मागायला जागा नाही. मग तिसराच माणूस त्या मताची गॅरंटी कशी देणार? खुद्द गूगल दुकानदारांना सांगतं की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि झालेल्या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं.

आणि मत बदलतं. नोव्हेंबर 2003 मध्ये, नाताळच्या खरेदीच्या ऐन तोंडावर, गूगलनं आपली रीत बदलली. धंद्यातले लोक त्या बदलाला फ्लोरिडा म्हणतात. कितीतरी छोटे विक्रेते एका रात्रीत यादीतून दिसेनासे झाले. त्यात युक्त्या करणारे होते, तसे काहीही वावगं न केलेलेही होते.

मोठ्यांचं काय होतं, तेही पाहा. फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीची हकीकत छापली. कपडे, गाद्या-चादरी, सतरंज्या, काहीही शोधा, पेनी वर. कारण कशाचा कशाशी संबंध नसलेल्या शेकडो साईटींवर तिच्या लिंक पेरलेल्या होत्या. गूगलनं हातानं शिक्षा केली. एका सामानाच्या बॅगेसाठी पहिल्या क्रमांकावर असलेली पेनी दोन तासांत 71 व्या क्रमांकावर गेली. कंपनी म्हणाली, हे आम्ही करायला सांगितलं नव्हतं, आणि तिनं आपल्या एसईओवाल्यांना काढून टाकलं. सुमारे तीन महिन्यांनी शिक्षा उठली. पेनीची रस्त्यावरची दुकानं तेवढा काळ चालूच होती, ती तगली. दोन खोल्यांचं दुकान असतं तर?

एप्रिल 2012 मध्ये पेंग्विन नावाचा बदल आला आणि विकत घेतलेल्या लिंक सरसकट अंगावर उलटल्या. त्याच ऑक्टोबरात, अमुक लिंक माझ्या हिशेबात धरू नका असं कळवण्याची सोय गूगलला करावी लागली. गंमत अशी की लिंक काढून देण्याचाही धंदा निघाला. लावायला पैसे आणि काढायलाही पैसे. आणि दोन्ही वेळा जोखीम दुकानदाराची, कारण शिक्षा साईटीला होते, लिंक लावणाऱ्याला होत नाही.

एवढं वाचून मी त्या मुलीला म्हटलं, कंपनीचे महिन्याचे अहवाल आण. आणले. त्यात सुमारे तीनशे लिंकांची यादी होती. एक दातांच्या दवाखान्याची, एक पत्त्यांच्या खेळाची, बऱ्याचशा कुठल्या भाषेतल्या तेही कळेना. पुस्तक बांधणं म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही माहीत असण्याचं कारण नव्हतं, म्हणजे वात्स्यायनाच्या पहिल्याच अटीवर सगळे बाद. मग तिची साईट उघडली. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरात ‘प्रीमियम बीस्पोक स्टेशनरी सोल्यूशन्स’. जुनी पुस्तकं दुरुस्त करून मिळतील, हे अख्ख्या साईटीवर कुठेही नाही! पत्ता अर्धवट, फोन जुना. कहर म्हणजे साईटीचं नाव, ते डोमेन म्हणतात ना, ते कंपनीनं मध्येच स्वतःच्या नावावर करून घेतलेलं.

तिनं ती कंपनी सोडली आणि दुसरा माणूस नेमला, त्याला नेमताना मी शेजारी बसलो होतो. ती म्हणाली, पहिला क्रमांक मिळेल का? तो म्हणाला, सांगता येणार नाही, चार-सहा महिने थांबावं लागेल. मी विचारलं, लिंका कुठून आणणार? तो म्हणाला, मी आणणार नाही, ज्या ग्रंथालयांची कामं यांनी केली आहेत त्यांनाच विचारू, आपल्या साईटीवर दोन ओळी लिहाल का म्हणून. हा माणूस साक्षीदार बनवत नव्हता, असलेले शोधत होता. पहिले पंधरा दिवस त्यानं साईटीला हातच लावला नाही. कारागिरांशी बोलत बसला. फोनवर लोक काय विचारतात, कुठल्या शब्दांत विचारतात, ते वहीत लिहून घेतलं. लोक बीस्पोक काही विचारत नव्हते. ‘पोथीची पानं सुटलीत, बांधून मिळेल का’ असं विचारत होते. तेच मराठीत साईटीवर गेलं, कामाआधीच्या आणि नंतरच्या फोटोंसह. गूगलच्या नकाशावर दुकानाची फुकट नोंद करून पत्ता आणि वेळा नीट केल्या. एकरकमी 25,000 घेतले, आणि सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून तिच्या हातात दिले.

या कामालाही एसईओच म्हणतात, ही अडचण आहे. एकाच पाटीखाली दोन धंदे चालतात. एक तुमचं खरं म्हणणं यंत्राला आणि माणसाला वाचता येईल असं मांडून देतो, दुसरा तुमच्या वतीनं साक्षी तयार करतो. फोनवर दोघांचा आवाज सारखाच येतो.

डोमेन परत मिळवायला सात आठवडे आणि एका वकिलाची नोटीस लागली. गेलेले 96,000 रुपये गेलेच. गेल्या महिन्यात सांगलीहून एक गृहस्थ आजोबांची ज्ञानेश्वरी पंच्यात गुंडाळून घेऊन आले. मोबाईलवर शोधून पत्ता काढला म्हणाले. इथं येण्याआधी मीही घरी शोधून पाहिलं. ती चौथ्या क्रमांकावर आहे, आणि पहिल्या क्रमांकावर जे आहेत ते वह्या छापतात, पोथ्या बांधत नाहीत.

चला, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतला तो हात आधी वर आला होता.