उशिरा उघडलेले दार

चेंडू पायाने खेळण्याऐवजी छातीशी कवटाळून धावावयाच्या खेळालाही अमेरिकेत फुटबॉल असेच म्हणतात. लांबट चेंडू ज्या संघाकडे असेल त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे आणि समोरच्या अकरा गड्यांनी त्याच्या धावणाऱ्याला भुईसपाट करावयाचे, असा तो मामला. या गर्दीतून वाट काढणाऱ्या गड्याची कारकीर्द बहुधा त्याच्या गुडघ्यांएवढीच टिकते. केनी वॉशिंग्टनची हकीकत ऐकताना हे ध्यानात ठेवावे.

केनीचा जन्म १९१८ साली लॉस एंजेलिस शहरी झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तेथील शाखेकडून तो १९३७ ते १९३९ या काळात खेळला. १९३९ साली त्या संघाने एकही सामना गमावला नाही. पुढे बेसबॉलमध्ये जगद्विख्यात झालेला जॅकी रॉबिन्सन त्याच संघात होता. परंतु महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करताना राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील एकाही व्यावसायिक संघाने केनीचे नाव उच्चारले नाही. तो कृष्णवर्णीय होता, एवढेच कारण. १९३३ च्या हंगामानंतर त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय गडी उरला नव्हता. तसा नियम मात्र कोठे लिहिलेला नव्हता. लिहिलेल्या नियमाविरुद्ध निदान दाद मागता येते. संकेताविरुद्ध कोणाचे दार ठोठवावे?

ऐन उमेदीची वर्षे केनीने पॅसिफिक किनाऱ्यावरील दुय्यम लीगमध्ये, मुख्यत्वे हॉलिवुड बेअर्स या संघाकडून खेळत घालविली. तेथेच त्याचे गुडघे निकामी होत गेले आणि शस्त्रक्रिया सुरू झाल्या.

१९४६ च्या आरंभी क्लीव्हलंडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला. त्याला तेथील कोलिझियम हे भव्य क्रीडांगण हवे होते. ते सार्वजनिक पैशातून उभारलेले. हॅली हार्डिंग या कृष्णवर्णीय पत्रकाराने नेमके येथेच बोट ठेवले: ज्या मैदानासाठी सर्वांनी कर भरला, तेथे वर्ण पाहून गडी कसे निवडता? त्याच्या सहकाऱ्यांनीही हाच प्रश्न लावून धरला. अखेर २१ मार्च १९४६ रोजी रॅम्सने केनीशी करार केला. मागोमाग त्याचा विद्यापीठातील सोबती वुडी स्ट्रोड यालाही घेतले. रॉबिन्सनने बेसबॉलच्या प्रमुख लीगमध्ये पाऊल ठेवले ते यानंतर वर्षभराने, १५ एप्रिल १९४७ रोजी. तरीही रॉबिन्सनचे नाव शाळकरी पोरांना ठाऊक आणि केनीचे जाणकारांनाच, हे आम्हांस विचित्र वाटते.

करार झाला तेव्हा केनी सत्तावीस वर्षांचा होता, पण गुडघे म्हाताऱ्याचे होते. तरीही १९४७ च्या हंगामात त्याने दर धावेस सरासरी ७.४ यार्ड मिळविले. चार-साडेचार यार्ड मिळाले तरी अशा गड्याचे चांगले मानतात! त्याच वर्षी शिकागो कार्डिनल्सविरुद्ध तो एका दमात ९२ यार्ड धावला. तीन हंगामांत १४० धावा आणि ८५९ यार्ड, इतकाच त्याचा लीगमधील हिशेब. गेलेल्या सहा वर्षांचे यार्ड त्यात कोणी मांडावेत?

१९४८ च्या हंगामाअखेर केनी निवृत्त झाला. १९५६ साली विद्यापीठाने त्याचा १३ हा क्रमांक पुन्हा कोणासही न देण्याचे ठरविले. १९७१ साली, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, तो लॉस एंजेलिसमध्येच वारला.